पुढे टाळ, मागे कीर्तन

विश्वेश्वररावांच्या खुब्याचं हाड मोडलं ते माघात. डॉक्टरांनी तीन महिने अंथरूण सांगितलं, तेव्हा दुखण्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. त्यांनी मनातल्या मनात फक्त रामनवमी कधी येते ते पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. सून हर्षितानं दोनदा कॉफी विचारली, तरी वळले नाहीत.

मल्लेश्वरमच्या राममंदिरात त्यांची धाकटी बहीण पद्मावती गेली एकतीस वर्षं रामजन्माचं कीर्तन करत आली होती, आणि एकतीस वर्षं तिच्या मागे टाळ धरून विश्वेश्वरराव उभे. मृदंगवाले बदलले, पेटीवाले बदलले, टाळ तोच. पद्मावतीनं श्वास कुठे घेतला, पद कुठे सोडलं, निरूपणात डोळे कधी पाणावले, हे तिच्या पाठीकडे पाहून त्यांना कळायचं. देवळातली माणसं गमतीनं म्हणत, अक्कांच्या कीर्तनाला अण्णांची पावती लागते.

"यंदा दुसरा कुणी बघ," ते बहिणीला म्हणाले.

"बघते," पद्मावती म्हणाली, आणि कुणालाच बघितलं नाही.

यशवंतपुरातल्या त्यांच्या घरी मागच्या खोलीत मोबाइलला रेंज म्हणून नव्हती. जुना फोन होता, पण गल्लीत खोदकाम झालं त्यात त्याची तार तुटली ती तुटलीच. शेवटी हर्षितानं इंटरनेटवरचा फोन घ्यायचं ठरवलं. जोडणी करायला शिवाप्पा आला. चाळिशीतला, बेळगावकडचा, मराठीत सुरुवात करून कन्नडात संपवणारा. त्यानं भिंतीतून काचेची बारीक तार आणली, पांढरा डबा ठोकला आणि जुनाच फोन त्या डब्याच्या पाठीत खुपसला.

"झालं. नंबरही जुनाच. फक्त करंट गेला की हा बी गेला. डब्याला बॅटरी लावा, काका."

पहिला फोन अर्थात पद्मावतीला. विश्वेश्वररावांनी उशाला टेकून टाळ हातात घेतला, हर्षितानं रिसीव्हर समोर धरला.

"अण्णा, वाजवा की," पलीकडून पद्मावती.

"वाजवतोच आहे."

"मला तर नुसता तुमचा श्वास येतोय."

शिवाप्पा अजून चपला घालत होता, तो परत आत आला. "डबा हुशार आहे हो. माणसाचा आवाज ठेवतो, भांड्याकुंड्यांचा खणखणाट गाळतो."

"माझा टाळ म्हणजे भांडी?"

"त्यानं कीर्तन कुठं ऐकलंय, काका. स्वल्प थांबा." त्यानं हर्षिताच्या लॅपटॉपवर काहीतरी उघडलं, एक खूण काढून टाकली. "आता वाजवा."

"आला," पद्मावती म्हणाली. "अगदी लख्ख आला. पाळणा घेऊ या?"

तिनं पाळणा उचलला आणि दुसऱ्याच ओळीला गाडी रुळावरून घसरली. विश्वेश्वररावांना तिचा स्वर पाऊण मात्रा उशिरा येत होता, म्हणून ते थांबून वाजवत. तो थांबलेला टाळ ऐकून ती आणखी थांबे. एकमेकांची वाट पाहत दोघं इतकी हळू झाली, की बाळ जन्मायच्या आधीच पाळण्यातलं गाणं झोपी गेलं.

विश्वेश्वररावांनी टाळ खाली ठेवला.

"आवाजाचे तुकडे करून पाठवतो बघा हा," शिवाप्पा ओशाळून म्हणाला. "पलीकडं जोडायला थोडा वेळ जातो. बोलायला चालतं, ताल धरायला अवघड. व्हिडिओला तर याहून उशीर."

"बंद कर, हर्षिता," विश्वेश्वरराव म्हणाले. "झालं तेवढं पुरे."

पण पद्मावती फोनवर होती. हर्षितानं रिसीव्हर मधे धरला, शिवाप्पाही कान देऊन वाकला. "शिवाप्पा, अण्णांचा टाळ मला स्वल्प उशिरा येत असेल, पण एकसारखा येतो ना?"

"होय की, अक्का."

"मग मी त्याच्यावर गायले, तर माझ्याकडं दोन्ही जुळणारच. देवळात लोकांनाही जुळलेलंच ऐकू येणार. घोटाळा अण्णांच्या कानात आहे. अण्णांनी मला ऐकूच नये."

विश्वेश्वररावांचे कान लाल झाले.

"पद्मा, कीर्तनकार पुढे, टाळ मागे. मागून सांभाळायचं म्हणून तर तिला साथ म्हणतात. तू म्हणतेस मी पुढे चालायचं, तेही कानात बोळे घालून?"

"एकतीस वर्षं मी पुढे चालले, अण्णा. मागे कोण आहे याची काळजी केली नाही. एक दिवस तुमच्या मागनं मला चालू द्या."

"आणि तू आहेस की नाहीस, मला कसं कळायचं?"

"रोज सकाळी नामस्मरण करता. पलीकडून हुंकार आला नाही म्हणून पुढचं नाम थांबवता का?"

"कीर्तन देवळात कर. माझ्यावर नको," ते म्हणाले आणि फोन ठेवायला लावला.

दोन दिवस ते तोंड फुगवून होते. तिसऱ्या दिवशी दुपारी हर्षिता कपडे वाळत घालत होती. आतून टाळाचा आवाज आला. एकच ठेका, संथ, एका चालीचा. पाचेक मिनिटं चालला, मग थांबला. "हर्षिता," आतून हाक आली, "घड्याळ लावून बघ बरं, मी शेवटी शेवटी पळतो का ते."

"पळता, मामंजी. थोडे."

"सरी, बरं. परत."

रामनवमीला साडेअकरापासून फोन चालू. देवळात पद्मावतीचा मोबाइल लाउडस्पीकरला जोडलेला. निरूपण चालू असताना हर्षितानं रिसीव्हर सासऱ्यांच्या कानाला धरावा. पद आलं की तोच रिसीव्हर तिच्या कानाशी, बोलायची बाजू टाळाकडे. पद संपलं की तिनं हात वर करायचा.

पहिलं पद आलं. रिसीव्हर काढून घेतला, आणि विश्वेश्वररावांच्या कानात एकदम घरातलीच शांतता भरली. पंख्याची घरघर, लांब जंक्शनवर गाडीची शिटी. त्यांनी चार ठोके दिले आणि चालू लागले. सवयीनं नजर हर्षिताकडे गेली. ती ऐकता ऐकता मान डोलावत होती आणि ती मान त्यांच्या टाळाच्या साफ मागे पडत होती. हात अडखळला.

"मान हलवू नकोस," ते पुटपुटले. तिची मान थांबली, पण पायाचं बोट हलायचं राहीना. मग त्यांनी डोळेच मिटले.

आता पाठ दिसत नव्हती, श्वास ऐकू येत नव्हता. ती गातेय का? फोन तुटला असेल तर? आपण आपल्याच खोलीत एकटे टाळ बडवतोय आणि देवळात लोक ताटकळलेत, असं तर नाही? हात मात्र थांबवले नाहीत. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, की पद आपल्याला आतून ऐकू येतंय. पद्मावती जिथे श्वास घेणार तिथे मनगट आपोआप हलकं होत होतं. एकतीस वर्षं पाठीमागून पाहिलेली ती बाई त्यांच्या हातात केव्हाच मुक्कामाला आली होती.

हर्षितानं हात वर केला, तो त्यांना दिसला नाही. तिला खांद्याला शिवावं लागलं.

अशी चार पदं, मग पाळणा. बाराच्या ठोक्याला देवळात घंटा झाल्या असतील, फुलं उधळली असतील. इथे फक्त टाळ आणि रिसीव्हर धरून अवघडलेला सुनेचा हात. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तेही त्यांनी पाहिलं नाही.

आरती आटोपल्यावर पद्मावती फोनवर आली. मागे गुळाच्या पानकाच्या पेल्यांची गडबड, माणसांची बोलणी.

"अण्णा."

"हं." त्यांना पुढचं विचारवेना.

"तिसऱ्या पदाला पळवलंत मला. या वयात धाप लागली."

विश्वेश्वररावांनी डोळे पुसले. "मी नाही पळालो. तूच रेंगाळत होतीस. मागून चालणाऱ्यानं लक्ष ठेवायचं असतं."

"कळलं आता, किती अवघड असतं ते," ती म्हणाली. मग हसली. "सहा दिवसांनी हनुमान जयंती. मंडळी विचारतायत, अण्णा आहेत ना?"

विश्वेश्वरराव हर्षिताकडे वळले. "कॉफी आहे का गं थोडी?" आणि मग फोनमध्ये, "आहेत म्हणून सांग. पण चाल मी ठरवणार."