आतली कडी

"सोनबा, पोट आत घे आणि दार हळूच ओढ," ज्ञानदेव गुरुजी बाहेरून म्हणाले.

"घेतलंय की. ह्याच्याम्होरं पोटाला जागा न्हाय," संडासातून सोनबाचा आवाज आला.

नागोराव मागच्या अंगणात कपाळाला हात लावून उभे होते. मार्केट यार्डात त्यांनी पस्तीस वर्षं तोलणार म्हणून काढली. पहाटे घर सोडायचं ते दुपारीच परतायचं. गुलटेकडीच्या या बैठ्या घरात काय गळतंय, काय मोडलंय, ते त्यांच्या पत्नी इंदुबाईच बघत आल्या होत्या. आता त्यांचे दोन्ही गुडघे बदलले होते आणि सव्वा महिना त्या हडपसरला मुलीकडे होत्या. उकिडवं बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मुलीनं, नम्रतानं, फोनवर स्पष्टच सांगितलं की घरी कमोड बसेपर्यंत आई येणार नाही. आणि जमत नसेल तर ती इथेच राहील, कायमची.

नागोरावांना हे 'कायमची' फार लागलं होतं.

गवंडी दिवाळीनंतर बघू म्हणाला, तेव्हा सकाळच्या चहाचे तिघे मित्र पुढे सरसावले. बद्रीनाथ वीज मंडळातून निवृत्त झालेला, म्हणून नळकाम त्याच्याकडे आलं. सोनबानं जन्मभर पोती उचलली होती, म्हणून फोडाफोडी त्याच्याकडे. ज्ञानदेव गुरुजी शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांनी चार रंगांत नकाशा काढला. नकाशा इतका सुबक होता, की त्यात दार दाखवायचं राहिलंय हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

पहिल्याच दिवशी सोनबाचा घाव पाइपावर बसला आणि पाणी पार कौलांपर्यंत उडालं. शेजारच्या अभयनं भिंतीवरून डोकावून, कारंजं कायमचं आहे की उद्घाटनापुरतं, अशी शांतपणे चौकशी केली. तरी चौथ्या दिवशी कमोड बसला. खरोखर छान बसला. फक्त दार आत उघडायचं आणि अर्ध्यावरच कमोडला अडायचं. माणूस मावतो की नाही ते बघायला सोनबा अंग तिरकं करून आत शिरला, त्यानं दार लावलं, आणि आता ते उघडताना त्याच्या पोटावर येऊन थांबत होतं.

गुरुजींनी त्याला कमोडवर चढायची मनाई केली, कारण सिमेंट ओलं होतं. शेवटी दारावरच्या फटीतून पेचकस आत दिला गेला. बद्रीनाथ बाहेरून सूचना देत राहिला आणि तासाभरानं सोनबा बिजागऱ्या काढून, दार मिठीत घेऊन बाहेर आला.

मग दार बाहेर उघडेल असं बसवलं. रंगाचा हातही फिरवला. दोन दिवसांनी, रविवारी, नम्रता आईला घेऊन आली.

इंदुबाई काठी टेकत अंगणात आल्या. फरशी पाहिली, कमोड पाहिला. दार दोनदा उघडून मिटलं.

"अहो, कडी बाहेरून आहे."

चौघांनी एकदमच दाराकडे पाहिलं. दार उलटं बसलं होतं; आतली बाजू कडीसकट बाहेर आली होती.

"छान. आत गेलेल्याला कोंडायची सोय झाली," इंदुबाई म्हणाल्या.

बद्रीनाथनं तिथल्या तिथे कडी आतून बसवून पाहिली, पण जुनं लाकूड स्क्रू धरेना. आईची पिशवी नम्रतानं अजून खाली ठेवली नव्हती. ती तशीच गाडीकडे वळली.

"मी उभा राहतो," नागोराव म्हणाले.

"कुठे?"

"दाराशी. नवीन दार येईपर्यंत. तू जाशील तेव्हा."

इंदुबाई मुलीकडे वळून म्हणाल्या, "नमू, पिशवी आत ठेव."

त्या आत गेल्या. नागोरावांनी दार लावलं आणि त्याला पाठ टेकून उभे राहिले. तिघे मित्र लगबगीनं कुंपणाच्या भिंतीकडे तोंड करून, तिथे नसलेल्या एका भेगेवर गंभीर चर्चा करू लागले.

"आहात ना?" आतून आवाज आला.

"आहे."

थोड्या वेळानं पुन्हा तेच. नागोरावांचेही गुडघे दुखत होते. त्यांनी पाय जरा फाकवून रोवले आणि म्हणाले, "आहे. सावकाश होऊ दे."