वाकडी तबकडी

आमोस मास्तरांनी लेकीला शब्द दिला होता आणि मास्तरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दीनाला घोर होता तो त्याचाच. "काष्टीच्या बाजारची माणसं तबकड्या वाजून संपेपर्यंत बसली, तर पुण्याच्या चित्रशाळेचं बघू. उठून गेली, तर जूनपासून मुकाट्यानं मास्तरणीचं ट्रेनिंग घ्यायचं." एवढं बोलून त्यांनी चष्मा पुसायला घेतला होता. म्हणजे विषय संपला.

नेमकी काष्टी निवडण्याइतके मास्तर बेरकी होतेच. दर उन्हाळी सुट्टीत ते मिशनचा जुना जादूचा कंदील घेऊन गावोगाव हिंडत आणि भिंतीवर चित्रं पाडून आरोग्य, साक्षरता असलं काहीबाही सांगत. बाजार करून दमलेल्या माणसाला घराची केवढी ओढ असते, हे त्यांनी पुष्कळदा बघितलं होतं. फुकटातलं काही असलं, तर तो जास्तच लवकर उठतो.

यंदा मात्र आरोग्य नव्हतं. माणूस चंद्रावर जाऊन दोन वर्षं होत आली, तरी पारावरचा तो विषय काही संपत नव्हता. मुंबईच्या कुणा नटमंडळींनी त्यावर एक विनोदी नाटुकलं दोन तबकड्यांवर भरलं होतं. एक पाटील यानात बसून चंद्रावर जातो. तिथं शेतांना बांधच नाहीत, त्यामुळं भांडायला काही सापडत नाही आणि बिचाऱ्याला झोप लागत नाही. मास्तरांना त्यातले खणखणीत, स्वच्छ उच्चार आवडले. दीनाला आवडला तो पाटील. परीक्षा संपल्यापासून ती कंदिलात घालायच्या काचेच्या तुकड्यांवर त्यालाच रंगवत बसली होती. डोक्यावर यानातलं टोपडं, त्याच्या बाहेर आलेल्या मिशा आणि खाली धोतर. चंद्रावरची माणसं तिनं हिरवी केली होती आणि त्यांच्या बायकांना नऊवारी नेसवली होती. घरात त्या काचा बघून आई, एलिझाबेथबाई, पोट धरून हसली होती. मास्तरांनी चष्मा पुसायला घेतला होता.

नगरहून निघताना कंडक्टरनं सामानाचा एकच डाग आत घेऊ दिला. मास्तरांनी तबकड्या वाजवायचा चावीचा फोनो मांडीवर घेतला. दीनानं काचा जुन्या लुगड्यात गुंडाळून पदराआड दडवल्या. कंदील आणि तबकड्यांची पत्र्याची पेटी गेली टपावर. मे महिन्याचं ऊन, त्यात पेटी पत्र्याची. पण तेव्हा हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

दिवस मावळून अंधारल्यावर चावडीच्या पांढऱ्या भिंतीसमोर माणसं जमली. पुढं भाजीची रिकामी पाटी उलटी घालून छबूबाई माळीण बसली. मागं सरपंच आप्पासाहेब खुर्चीत. मास्तरांनी पेटी उघडली, तबकडी काढली आणि ती हातात तशीच धरून राहिले. तव्यावरच्या पापडासारखी ती एका कडेनं वर उचलली होती. दुसरी काढली. तीही तशीच.

बाबांनी मुद्दाम तर ठेवली नसेल टपावर? दीनाच्या मनात क्षणभर आलंच. मग तिनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ते पांढरंफटक पडलं होतं, आणि तिला आपल्या मनाचीच लाज वाटली.

"लावा की मास्तर! गाडी जुपायचीय," मागून कुणीतरी ओरडलं.

मास्तरांनी चावी दिली. दीनानं पहिली काच कंदिलाच्या खाचेत सरकवली आणि भिंतीवर मिशाळ पाटील उभा राहिला. लोक "आगागा" म्हणाले. तिचा जीव सुपाएवढा झाला. तेवढ्यात पाटील बोलू लागला. सुई वर चढली की आवाज चिरका व्हायचा, खाली आली की घोगरा. "रा-आ-आम रा-आ-आम मं-अं-अंडळी..."

"ह्यो पाटील पिऊन आलाय व्हय?" छबूबाई म्हणाली.

"नाचता येईना, अंगण वाकडं, असं आयकलं हुतं," आप्पासाहेब म्हणाले. "हितं खरंच वाकडं हाय."

लोक हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं. मागची दोघं-तिघं बैलांकडे निघाली. बायका पाट्या उचलू लागल्या. मास्तर मान खाली घालून फिरत्या तबकडीकडे बघत उभे होते. चित्र एकीकडे ताठ उभं, आवाज दुसरीकडे झोकांड्या खातोय. दोघांचं काही जमेना. गेलं पुणं, असं दीनाला वाटलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या पाण्यातून तिला भिंतीवरचा पाटील हलल्यासारखा दिसला.

तिनं डोळे पुसले. पाटील पुन्हा ताठ. मग तिनं सुईकडे बघितलं. सुई चढत होती, उतरत होती, चढत होती, उतरत होती. दीनानं काचेची कड दोन बोटांत धरली. कंदिलात काच उलटी घालायची असते, म्हणून चित्र वर न्यायचं तर काच खाली दाबायची. सुई चढली की ती काच दाबी, उतरली की उचली. भिंतीवरचा पाटील आवाजाबरोबर अलगद तरंगला, खाली आला, पुन्हा तरंगला. धोतर, मिशा, सगळ्यासकट.

"आगं बया!" छबूबाई किंचाळली. "चंद्रावर पाय टेकत न्हाईत वाटतं!"

"म्हून तर आवाज तसा येतोय," आप्पासाहेबांनी लगेच जाणत्यासारखं सांगून टाकलं. "वजनच न्हाई तिथं मानसाला. पेपरात आलं हुतं."

बैलांकडे गेलेली माणसं परत फिरली. "हितं बां-आं-आंध कु-उ-उठाय?" पाटील तरंगत विचारू लागला आणि चावडीपुढं हशा उसळला. हिरवी माणसं आली, तीही तरंगली. नऊवारीतल्या बायका तरंगल्या तेव्हा तर छबूबाई पाटीवरून घसरलीच. दीनाची बोटं कंदिलाच्या धगीनं पोळत होती, पण तिला त्याचं भान नव्हतं. बाजू बदलायला मास्तर विजेसारखे हलले. त्या तेवढ्या वेळातही कुणी उठलं नाही. दुसरी तबकडी संपली तरी माणसं तशीच बसलेली.

"मास्तर, पुन्यांदा लावा!"

मास्तरांनी चष्मा काढला होता. ते हसत होते, खांदे गदगदून, आवाज न करता. दीनानं बापाला असं हसताना कधी बघितलं नव्हतं. त्यांनी पुन्हा चावी भरली.

सकाळी दोघं स्टँडवर आली. आप्पासाहेबांनी तबकड्या जड पाटाखाली दाबून सरळ करून देतो म्हटलं होतं, पण मास्तरांनी हात जोडले होते. "नको. आता चित्रं त्यांना जुळलीत."

पुण्याचं मात्र त्यांनी नावही काढलं नव्हतं. विचारायचा दीनाला धीर झाला नाही. नगरची गाडी आली तशी तिनं मुकाट्यानं पेटी उचलली. मास्तर दगडावर बसूनच राहिले. काचांचं गाठोडं या खेपेला त्यांच्या मांडीवर होतं.

"बाबा, गाडी लागली."

"ती आपली नाही," मास्तर गाठोड्याची गाठ घट्ट करत म्हणाले. "आपली दौंडची. तिथून पुण्याला रेल्वे आहे. चित्रशाळेत आधी काम दाखवावं लागतं म्हणे."

नगरची गाडी धुरळा उडवत निघून गेली. दीना पेटीवर बसली आणि रडता रडता हसू लागली.

"फोनो टपावर टाकू," मास्तर म्हणाले. "काचा माझ्याजवळ राहतील."