आधी आखडलेला हात

मित्रांनो, मी एक जुना पुतळा आहे. चौकात घोड्यावर बसलेला नव्हे, कपड्यांच्या दुकानात काचेआड उभा असतो तो. कागदाच्या लगद्यातून मला घडवलं. चेहरा रंगवताना कारागिराला शिंक आली, म्हणून माझी एक भुवई कायमची वर चढलेली आहे. लोकांना वाटतं, मी शिष्ट आहे. तसं काही नाही.

मोठ्या दुकानात मी नवेकोरे कोट घालून ऐटीत उभा असे. येणारे-जाणारे थबकून बघत. मग एकदा काच पुसणाऱ्याची शिडी माझ्यावर कोसळली आणि माझा उजवा हात खांद्यातून निखळला. आम्हा पुतळ्यांचे हात काढता-घालता येतात, म्हणून तर आम्हाला बाह्या चढवता येतात. पण कुणीतरी घाईघाईत माझा हात कायमचा चिकटवून टाकला. त्यानंतर मला कपडे घालताना बाह्या उसवायच्या, नोकर वैतागायचे. शेवटी माझी रवानगी माळ्यावर झाली.

तिथून मला ताईने आणलं. ताई जुन्या काळचे कपडे विकते आणि माझ्यासारखे पुतळे जमवते: टकले, नाक फुटलेले, एका पायावर तोललेले. तिने माझा हात ओढला नाही. डावा हात काढून बाजूला ठेवला, आखडलेल्या उजव्या हातावरून बाही सावकाश वर सरकवली, सदरा पाठीमागून फिरवला आणि डावा हात शेवटी बसवला.

"आधी आखडलेला हात, मग बाकीचे लाड," ती म्हणाली. मला ती तिथेच आवडली.

तिच्या सासूबाईंना मात्र मी डोळ्यांसमोर नको होतो. गल्ल्यावर बसून त्या म्हणायच्या, "घरात माणसांना पाय ठेवायला जागा नाही आणि हिने हा ठोंब्या आणून उभा केलाय! वर भुवई उडवतो मेला."

पुढे सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात ताठ झाला. कपडे बदलताना त्यांच्या मुलाने, बिचाऱ्याने, घाईत तोच हात ओढला आणि त्या कळवळल्या. तेव्हापासून त्या अंगाला कुणाला हात लावू देईनात. दुकानामागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. आता त्या पुन्हा गल्ल्यावर येतच नाहीत की काय, या धास्तीने ताईच्या तोंडचं पाणी पळालं. खरं सांगतो, त्यांची बोलणी ऐकल्याशिवाय मलाही करमेना.

एके सकाळी ताईने मला उचलून त्यांच्या खाटेसमोर उभं केलं आणि कोट चढवायला घेतला. सासूबाईंनी मान वळवली.

"त्याला दुखत नाही, म्हणून चाललंय तुझं."

"दुखत नसेल, आई. पण मोडला तर दुसरा हात कुठून आणू? म्हणून जपते."



"परत घालून दाखव बघू," सासूबाई म्हणाल्या.

ताईने कोट काढून पुन्हा घातला. तेव्हा सासूबाईंनी आपला ताठ हात डाव्या हाताने उचलून पुढे केला. "आधी हाच ना?"

त्या दिवशी दुकानातला निळा कोट अंगात घालून त्या गल्ल्यावर बसल्या, आणि पहिल्याच गिऱ्हाइकाशी भांडल्या. ताई पाठ फिरवून डोळे पुसत होती.

मध्यंतरी एक नाटकवाला मला विकत मागायला आला. ताईने तोंड उघडायच्या आत गल्ल्यावरून आवाज आला, "हवं ते न्या. आमचे भाऊजी विकायचे नाहीत."

नाटकवाला दुकानभर भाऊजी शोधत राहिला. ठोंब्याचा भाऊजी झालेल्या मला मात्र भरून आलं.

मित्रांनो, तुमच्याही घरात कधी कुणाचा हात आखडेल. कितीही घाई असली तरी तो ओढू नका. आधी तो हात हळूच हातात घ्या. बाकीचं सगळं मग.