उघडण्याआधी एक फोन

मी टेलिफोन बोलतोय. क्रीम रंगाचा, बटणांचा, वेटोळ्या वायरीचा. गुडगावात काचेची नवी इमारत उभी राहिली, तेव्हा अकाउंट्समधल्या सुधाकररावांच्या टेबलावर माझी नेमणूक झाली. काय थाट होता माझा! दिवसभर कोणी ना कोणी मला कानाला लावलेलं असायचं.

मग ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडले गेले आणि ई-मेल आली. शेजारी बसलेली माणसंही एकमेकांना मेल करू लागली. माझ्यावर धूळ साचली. मला राग यायचा, खोटं कशाला सांगू?

माझा मान परत आणला तो पद्मजानं. ही पुण्याची मुलगी ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळायची. एकदा कोणीतरी मेलमधली फाइल उघडली, त्यातून व्हायरस पसरला आणि अख्खं ऑफिस ठप्प झालं. तेव्हापासून तिनं नियमच केला. अँटीव्हायरस आहेच, पण नवा व्हायरस त्यालाही ओळखता येत नाही. न सांगता फाइल आली, तर पाठवणाऱ्याला आधी फोन करायचा.

"यार पद्मजा, सगा भाई भेजे तो भी?" ऑफिसातल्या कोणीतरी विचारलं.

"सगा भाई भेजे तो भी!"

तेव्हा सुधाकरराव लेकीसाठी, अवनीसाठी स्थळ बघत होते. गाझियाबादच्या मुरलीधररावांचा मुलगा त्यांच्या मनात भरला होता. त्यांनी मेलनं अवनीची माहिती पाठवली होती. उत्तर काही येईना. एका दुपारी मुरलीधररावांच्या नावानं मेल आली. विषय 'फोटो', सोबत एक फाइल.

सुधाकररावांचा चेहरा फुलला. हात माउसवर गेला आणि थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मुलीच्या बापानं वरपक्षाला विचारायचं, हे खरंच तुम्ही पाठवलंत का? त्यांना राग आला तर? पण फाइलमध्ये व्हायरस असला तर? "चलो," असं पुटपुटत त्यांनी मला उचललं. मुरलीधररावांचा नंबर लावला आणि फोटोबद्दल विचारलं.

"फोटो? मी नाही हो पाठवला. आमचं अजून काही ठरलंच नाही."

"अच्छा," सुधाकररावांचा आवाज पडला. "मग तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस असेल, तोच तुमच्या नावानं मेल पाठवत असेल. कुणाला तरी दाखवून घ्या."

ते मला खाली ठेवणार, इतक्यात पलीकडून हसू आलं. "तरीच कॉम्प्युटर सकाळपासून रडतोय! बरं झालं सांगितलंत. आता फोटोचं राहू द्या, रविवारी अवनीला घेऊन घरीच या."

लग्न ठरलं. सुधाकररावांनी निमंत्रणपत्रिका मेलनं सगळ्या ऑफिसला पाठवली आणि मी वाजू लागलो.

"सुधाकरजी, कार्ड आपने ही भेजा है ना?"

"बिल्कुल, मैंने ही भेजा है! ज़रूर आना!"

दिवसभर तेच. बोलून बोलून त्यांचा घसा बसला. शेवटचा फोन पद्मजाचा होता, तीही हसत तेच विचारत होती. इतका सुखाचा दिवस माझ्या आयुष्यात दुसरा आला नाही.

आता मी स्टोअररूममध्ये, स्वतःचीच वायर गुंडाळून पडलोय. सगळ्यांच्या खिशात मोबाईल आहेत. माझी तक्रार नाही. फक्त एक ऐका. ओळखीच्या नावानं अचानक काही आलं, तर उघडायची घाई करू नका. आधी त्या माणसाचा आवाज ऐका. कुणी सांगावं, तो तुम्हाला घरीही बोलावेल.