जमेच्या बाजू

तिला सगळे कात्री म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून ते तिला आवडायचंही. ज्यांची पोस्टरं कुठे लागत नाहीत, ज्यांत एकही ओळखीचा चेहरा नसतो, आणि जे बनवणाऱ्याच्या सख्ख्या नातेवाइकांनाही शेवटपर्यंत बघवत नाहीत, असे छोटे छोटे चित्रपट बघायचे आणि त्यांचं काय जमलंय, काय फसलंय ते सांगायचं, हे तिचं काम. एका लहानशा महोत्सवासाठी ती हे बरीच वर्षं करत होती.

या महोत्सवाची रीत जरा वेगळी होती. दुसरीकडे चित्रपट घेतात किंवा नाकारतात आणि मोकळे होतात. इथे परीक्षकाने शेरे लिहायचे, ते दिग्दर्शकाकडे जायचे, आणि त्याला पटले तर त्याने चित्रपट दुरुस्त करून पुन्हा पाठवायचा. नावं दोन्हीकडची झाकलेली. शेऱ्यांचे दोन रकाने असायचे, एक ‘जमेच्या बाजू’ आणि दुसरा ‘उणिवा’. जमेच्या बाजूंत कात्री वर्षानुवर्षं एकच वाक्य चिकटवत आली होती, ‘प्रयत्न प्रामाणिक आहे.’ उणिवांच्या रकान्यात मात्र तिचा हात कधी आखडला नाही.

आणखी एक गोष्ट, जी संयोजकालाही माहीत नव्हती. कात्री चित्रपट पूर्ण बघतच नसे. सुरुवात बघायची, मधला भाग पळवायचा, आणि शेवटावर येऊन थांबायचं. एवढ्यावरून तिला सगळं कळतं असं तिचं ठाम मत होतं. पिक्चर बनवणारे बिचारे घरदार विसरून राबतात आणि ही बया मधलं सगळं बोटाने सरकवून टाकते, पण तिला सांगणार कोण?

‘दार’ नावाचा चित्रपट तिच्याकडे आला तो एका कंटाळवाण्या दुपारी. एक घर, एक म्हातारा, त्याची नोकरी करणारी मुलगी. मुलगी दिसायची ती फक्त पाठमोरी, संध्याकाळी घरात येताना आणि खुंटीला पिशवी अडकवताना. बाकी सगळा वेळ म्हातारा. तो खाकरायचा, चहा करायचा, हरवलेल्या छत्रीचा एक किस्सा सांगायचा, तोच किस्सा पुन्हा सांगायचा, आणि उठून दाराशी जाऊन यायचा. कात्रीने मधला भाग नेहमीसारखा पळवला आणि शेरे लिहून टाकले.

‘म्हाताऱ्याचं सारखं खाकरणं कानाला बोचतं, काढावं. तोच तो किस्सा कापावा. उगाच दारापर्यंत जाणं-येणं कशासाठी? गती मरते. शेवट पसरट आहे. म्हाताऱ्याला आधीच रजा द्यावी.’ आणि पलीकडच्या रकान्यात, ‘प्रयत्न प्रामाणिक आहे.’

‘रजा द्यावी’ हे लिहिताना ती स्वतःशी हसली. आपली वाक्यं आपल्यालाच आवडणाऱ्यांपैकी ती होती.

घरी तिचे बाबा असायचे. आई गेल्यापासून दोघंच. बाबांनी उभी हयात घरोघरी हिंडून पाण्याचे मीटर वाचण्यात घालवली होती, आणि त्यातलाच एक किस्सा ते रोज जेवताना सांगायचे. एका घरात कुत्रं अंगावर आलं, म्हणून ते कुंपणाच्या भिंतीवर चढून बसले. आतून एक मुलगी मीटरचा आकडा ओरडून सांगायला लागली, आणि सांगत होती तो साफ खोटा! “आकडा खोटा होता गं, पण आवाज!” असं म्हणून बाबा थांबायचे. ती मुलगी म्हणजे तिची आई. या जागी कात्रीने “माहीत आहे बाबा, आवरा आता,” म्हणायचं, बाबांनी हसायचं, मग उरलेला किस्सा पुरा करायचा. रोजचं ठरलेलं.

शेरे पाठवल्यानंतर काही दिवसांनी बाबांचं खाकरणं थांबलं. डॉक्टरांनी औषध बदललं होतं, त्याला गुण आला म्हणायचा. घर कसं शांत झालं. कात्रीला त्या रात्री सुरेख झोप लागली.

त्याच आठवड्यात ‘दार’ सुधारून आला. खाकरणं काढलेलं होतं. बाकी सगळं जसंच्या तसं. हा दिग्दर्शक एका वेळी एकच शेरा पाळतोय, आणि तोही क्रमाने, याचं तिला हसू आलं. शाळेत असाच एखादा मुलगा असतो, फळ्यावरचं एकेक अक्षर बघून उतरवणारा.

पुढच्या खेपेला किस्सा गेला होता. कापलेलं नीट जोडलंही नव्हतं. म्हातारा चहाचा कप उचलतो, बोलायला तोंड उघडतो, आणि एकदम तोंड मिटलेलं, कप रिकामा. मधलं सगळं गायब. ‘जोड दिसतो आहे,’ असं ती लिहिणार होती, पण कंटाळा केला.

त्या संध्याकाळी जेवताना बाबांनी पाण्याचा पेला उचलला, काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि कात्रीने पाहिलं तर तोंड मिटलेलं होतं, पेला रिकामा होता. समोरचं ताटसुद्धा संपलेलं. आपण मधे काय केलं, काय बोललो, तिला काही केल्या आठवेना. थकलोय आपण, तिने स्वतःची समजूत घातली. जेवण लवकर आटोपलं म्हणून तिला बरंही वाटलं. हे लपवण्यात अर्थ नाही, बरंच वाटलं तिला.

आणि मग तो दिवस आला, जेव्हा ती संध्याकाळी घरी परतली, जिना चढून वर गेली आणि दाराला आतून कडी होती.

तिने तिथेच उभं राहून विचार केला, तेव्हा तिच्या लक्षात आलं की कित्येक वर्षांत आपण हे दार स्वतः उघडलेलंच नाही. आपण येतो तेव्हा ते नुसतं लोटलेलं असतं. तिने कधी विचारलं नव्हतं का, ते. तिने दार वाजवलं, पुन्हा वाजवलं, हाका मारल्या. बऱ्याच वेळाने बाबांनी कडी काढली आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले.

“बाबा, बरं वाटत नाही का?”

“बरंय की.”

का कोण जाणे, पण तिने विचारलं, “बाबा, आई तुम्हाला पहिल्यांदा कशी भेटली होती?”

बाबांनी डोक्याला ताण दिला. खरोखर आठवायचा प्रयत्न केला बिचाऱ्यांनी. मग म्हणाले, “कोण जाणे. भेटली असेल कुठेतरी.”

दुसऱ्या दिवशी ती कार्यालयात पोचली तेव्हा ‘दार’चा आणखी एक सुधारलेला कट येऊन पडला होता. तिने तो लगेच लावला. म्हातारा आता दाराकडे जात नव्हता. तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. तिने लिहिलेल्यातलं आता एकच पाळायचं उरलं होतं, आणि ते वाक्य तिला तोंडपाठ होतं.

ती धावतच संयोजकाच्या खोलीत गेली. तो गरीब स्वभावाचा, कायम कसल्या ना कसल्या वायरी गुंडाळत बसलेला माणूस.

“‘दार’ कोणाचा आहे? मला त्याच्याशी बोलायचंय, आत्ता.”

“नावं झाकलेली असतात, तुलाच माहीत आहे. अगं, झालं काय? पांढरीफटक पडलीयेस.”

“माझे शेरे परत घ्यायचेत.”

संयोजकाने वायर खाली ठेवली. कात्री आणि शेरे परत घेणार? त्याने हे कधी ऐकलं नव्हतं. “परत घेता येत नाहीत. नवे लिही ना. नवे गेले की जुने आपोआप बाद होतात. पण लवकर लिही, तो माणूस फार तत्पर आहे. शेवटचा कट आजच पाठवतो म्हणालाय.”

तिला थोडा धीर आला. बघण्याच्या खोलीत येऊन तिने पडदा ओढला, दाराला कडी घातली आणि ‘दार’चा अगदी पहिला कट शोधून लावला. या वेळी काही सरकवलं नाही. बोट मांडीखाली दाबून ती बसून राहिली.

मधल्या भागात, जो तिने पाहिलाच नव्हता, एक प्रसंग होता. पाठमोरी मुलगी दोन्ही हातांत सामान घेऊन दाराबाहेर उभी आहे. किल्ली शोधताना सामान सांडतं. ती ते उचलत नाही. पायरीवर बसते आणि तोंडावर हात दाबून रडते, आत ऐकू जाऊ नये म्हणून. आत म्हातारा दाराला कान लावून उभा आहे. तो दार उघडत नाही, तिला लाज वाटेल म्हणून. पण दुसऱ्या दिवसापासून ती यायच्या वेळेला तो उठतो आणि कडी काढून ठेवतो. ती वेळेवर आली नाही तर पुन्हा जाऊन बघतो. पुन्हा बघतो.

कात्रीला आपली पायरी आठवली. आई गेली त्या महिन्यातली. आपण तोंड दाबून रडलो होतो आणि कोणाला कळलं नाही असं आपण इतकी वर्षं धरून चाललो होतो. तिला हुंदका आवरेना. परक्या खोलीत, कोणाच्या तरी फसलेल्या पिक्चरसमोर ती लहान मुलीसारखी रडली.

मग डोळे पुसून लिहायला बसली. उणिवांचा रकाना कोरा ठेवला. आणि जमेच्या बाजूंत आयुष्यात पहिल्यांदा मनापासून लिहिलं. खाकरण्यामुळे घरात माणूस आहे हे कळतं, ते असू द्या. किस्सा पुन्हा पुन्हा येऊ द्या, दर वेळी तो नवा लागतो. दाराकडे जाणं हाच चित्रपटाचा प्राण. शेवट जराही छाटू नका, उलट हवा तितका लांबू द्या. लिहिता लिहिता तिचा हात सुटला. नाकं मुरडण्याची सवय असलेल्याला कौतुक करायला बसवलं की त्याला कुठे थांबायचं ते उमगत नाही. शेवटी तिने लिहिलं, ‘या माणसाने सगळा चित्रपट एकट्याने पेलला आहे. घरात दुसरं कोणी नसतं, तरी तो इतकाच भरलेला वाटला असता.’

वाक्य झकास उतरलं होतं. तिने शेरे पाठवून दिले.

संध्याकाळी ती जिना चढत होती, तेव्हा वरून खाकरण्याचा आवाज आला. तिचा जीव भांड्यात पडला. खिशात फोन थरथरला, पण फोन बघायला कोणाला सवड होती! ती दोन दोन पायऱ्या घेत वर पोचली. आतून पावलं ऐकू आली, कडी निघाली, आणि दार उघडून बाबा उंबऱ्यात उभे राहिले. चेहऱ्यावर तोच जुना मिस्कीलपणा.

“बाबा!”

बाबांनी तिच्या खांद्यावरून जिन्याकडे पाहिलं. वाकून खालचं वळण पाहिलं.

“आली नाही अजून,” ते स्वतःशी म्हणाले, आणि दार नुसतं लोटून आत गेले.

मग तिने फोन काढला. संयोजकाने लिहिलं होतं, ‘शेवटचा कट आला! तुझं सगळं मान्य केलंय त्याने. म्हाताऱ्याचं सगळं परत घातलंय आणि मुलीला काढून टाकलंय. शेवटचा शेरा काय अचूक होता तुझा! आता खरंच भरलेला वाटतो.’

तिने उलट फोन लावला. पलीकडून संयोजक “हॅलो, हॅलो” म्हणत राहिला, “कोण बोलतंय? आवाज येत नाहीये,” म्हणाला आणि त्याने ठेवून दिला.

दार लोटलेलंच होतं. ती आत गेली. पिशवी अडकवायला हात वर केला, तर भिंतीवर खुंटी नव्हती.

बाबांनी दोन ताटं वाढली होती. एकावर झाकण घालून ते दुसऱ्यासमोर बसले. कात्री तिच्या नेहमीच्या खुर्चीवर बसली, त्यांच्या अगदी समोर. त्यांनी पेला उचलला आणि रिकाम्या खुर्चीला सांगायला सुरुवात केली. कुत्रं अंगावर आलं. ते भिंतीवर चढले. आतून मुलगी आकडा ओरडली. कात्रीने एक शब्दही निसटू दिला नाही. इतका सुंदर किस्सा होता तो, आणि ती रोज म्हणायची आवरा.

“आकडा खोटा होता गं,” बाबा म्हणाले, “पण आवाज!”

आणि ते थांबले. नेहमीच्या जागी, ओठांवर हसू तयार ठेवून.

“मग पुढे काय झालं, बाबा?” ती म्हणाली. ती ओरडली. टेबलावर हात आपटून ओरडली. “पुढे सांगा ना, बाबा!”

बाबा थांबून राहिले. मग पेला खाली ठेवून उठले आणि दारात जाऊन पुन्हा एकदा जिन्याकडे बघून आले.