वाहेद पेंटरचा बंद बाजार

"अब्बा, त्या शटरवर दाबा ना! यात मारामारी नाही हाय, नुसतं दाबायचं न शोधायचं," माहेनूर म्हणाली.

वाहेदभाईंनी माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. "मी नाही म्हनलं होतं. मंग काहून बसवलं मले इथं?"

खरंच, दोनदा नाही म्हणाले होते ते. त्यांची हयात गेली अकोल्यात, जठारपेठेतल्या दुकानांची शटरं रंगवण्यात. तरुणपणी हौसेनं एक चित्रकथा काढली, जासूस हैदरची. अमरावतीच्या एका छापखान्यानं छापलीही. आणि लोक हसले की हो! हैदर ज्या बाजारात खुनी शोधत हिंडतो, तिथं भर दुपारी एकही दुकान उघडं नाही. वाहेदभाईंचा तरी काय दोष? शटर रंगवणारा माणूस दुकान बंद असतानाच जाणार. त्यांनी बाजार पाहिला तो तसाच. पण 'कर्फ्यूवाला जासूस' हे नाव चिकटलं ते चिकटलंच. पुन्हा त्यांनी चित्रकथेला हात लावला नाही.

आता पोरीनं आणि बडनेऱ्याच्या तिच्या मित्रानं, नितेशनं मिळून त्याच कथेचा गेम केला होता. नोकरी सोडून बसली होती बया! बापाच्या होकाराशिवाय गेम बाहेर काढायचा नाही, हा तिचाच हट्ट. वाहेदभाईंना धास्ती एकच: लोक पुन्हा हसतील, आणि या खेपेला पोरीला हसतील.

"काका, एक डाव दाबून तर पाहा," नितेश म्हणाला. "मंग द्या शिव्या."

वाहेदभाईंनी नाइलाजानं दाबलं.

खडखडखड करत शटर वर गेलं.

अरे बापरे! आत उजेड होता. शिंपी मशीनवर वाकला होता. पडद्यावरच्या हैदरनं सलाम ठोकला तसं त्यानं मान वर करून विचारलं, "बोला जासूससाब, काय पायजे?" वाहेदभाई खुर्चीत पुढे सरकले. मग त्यांनी शेजारचं दाबलं. अत्तरवाला. पलीकडचं दाबलं. सायकलवाला पंक्चर काढत होता. ज्या पत्र्यांसमोर त्यांनी जन्म काढला, त्यांच्यामागं सारी दुनिया बसली होती, आणि तिला रंग त्यांच्याच चित्रकथेतले होते.

"या अल्ला," ते पुटपुटले. "हे लोक इतले दिवस आतच होते?"

"तुमाले दावाले कोडे काढून ठेवले, अब्बा; नाही तं एकेक शटर उघडाले कोडं सोडवा लागते. तुमी बजार बंद काढला नसता तर गेमच झाला नसता."

वाहेदभाईंनी सरळ बाहीनं डोळे पुसले. मग शिंप्याचं शटर दाबून पुन्हा खाली घेतलं. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत होतं: पेंटर वाहेद. जठारपेठेतही रोज सकाळी दुकान उघडलं की असंच शटरसोबत वर गुंडाळलं जायचं ते नाव. गिऱ्हाइकांनी कधी पाहिलंच नव्हतं.

नितेश घाईघाईनं म्हणाला, "काका, नाव दिसाले पायजे असन तर शटर अर्धंच उघडू. सोपं हाय."

"नाही रे बावा. बजार हाय तो, पुरा उघडा. लोकायले आत जाऊ द्या," वाहेदभाई म्हणाले. "काढा गेम बाहेर."

त्यांनी स्वतःच दाबलं. नाव वर गेलं, दिसेनासं झालं. वाहेदभाई हैदरला घेऊन दुकानात शिरले.