मावशीचा बॉल

बॉल टाकायला बुटकीला मी शिकवलं. घरामागच्या भिंतीवर खडूने गोल काढला आणि रोज शंभर वेळा बॉल टाकून घेतला. गुरूची विद्या गुरूलाच फळली. आज देशाच्या रग्बी संघात दोन नंबरची जर्सी तिची, आणि सोळा नंबर घालून बाकावर बसणारी तिची बदली मी, सख्खी मोठी बहीण.

रग्बीत मैदानावर पाय ठेवल्याशिवाय कुणी आंतरराष्ट्रीय खेळाडू होत नाही. नऊ सामने मी नुसती बसले. ही मेली दमतच नाही! जर्सी धुणारे काका विचारायचे, "तुझी धुवायची, की नुसती घडी घालू?" सगळ्या हसायच्या, मीही हसायचे. हा दहावा सामना माझा शेवटचा होता. पुढच्या यादीत तुझं नाव नाही, असं प्रशिक्षकबाईंनी सकाळीच बाजूला घेऊन सांगितलं होतं.

खोटं कशाला बोलू? सामना सुरू झाल्यापासून देवाकडे एकच मागत होते, हिच्या पायात गोळा येऊ दे. छोटासा.

साठाव्या मिनिटाला ती एका धिप्पाड पोरीला अडवायला खाली शिरली. दोघी आपटल्या. बुटकी उठली, ठीक आहे म्हणून अंगठा वर केला आणि धावत सुटली. पाय अगदी ठणठणीत. मी मनातल्या मनात चरफडले.

थोड्याच वेळात बॉल रेषेबाहेर गेला. अशा वेळी दोन्ही संघ समोरासमोर रांगेत उभे राहतात आणि दोन नंबरची मुलगी बाहेरून बॉल आत टाकते. टाकण्याआधी ती सांकेतिक शब्द ओरडते, म्हणजे कुणाला वर उचलायचं ते आपल्या मुलींना कळतं. आमचे संकेत म्हणजे आकडे. बुटकी ओरडली, "मावशी!" आणि बॉल थेट रांगेच्या शेवटी फेकला. आमची एकही हलली नाही. समोरच्यांनी तो आयता उचलला.

"मावशीला कशाला बोलावतेस गं मध्येच?" कप्तान खेकसली. बाकावरच्या सगळ्या खिदळल्या.

मी हसले नाही. 'मावशी' हा आमच्या जुन्या क्लबातला संकेत, मीच ठरवलेला. आमची आत्या जिथेतिथे पुढे पुढे करणारी, म्हणून रांगेतला पुढचा बॉल आत्याचा. मावशी मागे उभी राहून सगळं ऐकणारी, म्हणून शेवटचा मावशीचा. तो क्लब बंद पडून सहा वर्षं झाली. या मैदानावर तो शब्द आम्हा दोघींनाच ठाऊक. बुटकीच्या डोक्याला मार लागला होता, आणि ते माझ्या एकटीच्याच लक्षात आलं होतं.

माझ्या मनात पहिलं काय आलं? आता मी आत जाणार. दुसरं आलं, लोक म्हणतील बहिणीला उठवून हिने जागा घेतली. आणि मग कुठे आठवलं, की डोक्यावर दुसरा फटका बसला तर पोरगी उठायची नाही. हा क्रम मी बदलून सांगणार नाही. मी संघाच्या डॉक्टरबाईंचा हात धरून त्यांना सांगितलं.

समोरच्यांनी बॉल पुन्हा बाहेर मारला, तशी त्यांनी खेळ थांबवून तिला रेषेजवळ आणलं. बॉल काखेत मारून बुटकी तणतणत आली. "मला काही झालेलं नाही! हिचं काय ऐकताय? ही जळते माझ्यावर. घरात सगळ्यांना माहितीये."

"जळते," मी म्हणाले. "तरी तपासा."

डॉक्टरबाईंनी तिच्या डोळ्यांपुढे बोट फिरवलं आणि विचारलं, "आज आपल्याकडून बॉल कोण टाकतंय?"

"कोण म्हणजे?" बुटकी गोंधळली. तिचा राग कुठल्या कुठे गेला. "ताई. ताई असताना मी कशी टाकणार? मी तर बाकावर असते." मग तिने बॉल स्वतःच्या जर्सीला खसाखसा पुसला आणि माझ्या हातात दिला. "जा ना गं. खोळंबलेत सगळे."

मी आत गेले. दहाव्या सामन्यात का होईना, पाय मैदानाला लागला. टाळ्या वाजल्या, पण त्या बाहेर जाणारीसाठी होत्या. बॉल डोक्यावर धरून रेषेशी उभी राहिले. डोकं माझं आपटलं असतं आणि मी सगळं जग विसरले असते, तरी माझी जागा बुटकीची आहे असं माझ्या तोंडून निघालं नसतं. डोकं ठिकाणावर नसतानाही ही माझ्यापेक्षा चांगलीच. आजवर कधी वाटला नव्हता इतका मला तिचा हेवा वाटला.